हात दखाडा!

आमच्या निकमभाऊंना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नाहीत. "हात दखाडा!" म्हणतात. पाळी सुटली की सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर उभे राहतात आणि येईल त्याला अडवतात. माणसाने दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, भाऊ ते उलटसुलट करून बोटं मोजणार आणि मग सोडणार, "दहा शेतस. जा घर." भाऊ मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं पक्कं नाशिकचं, पण ही वाक्यं मात्र अहिराणीतच; 'शेतस' म्हणजे आहेत.

सरळ सांगतो, मी या माणसावर जळतो. लोक मनातल्या मनात जळतात, मी उघड जळतो.

आता तुम्हीच बघा. मी प्रेस शॉपचा सुपरवायझर. भाऊ माझ्या हाताखाली, पत्रा कापायच्या प्रेसमध्ये साचे बसवतात. म्हणजे साहेब कोण? मी. पण मी ओरडलो तर लोक तोंड वाकडं करतात आणि भाऊ ओरडले तर हसत ऐकतात. आमच्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे तेवढा वेळ दोन्ही हात जबड्याबाहेर. माल लवकर निघावा म्हणून आमचे बहाद्दर एका बटणात आगकाडी खुपसून ठेवतात आणि एका हाताने काम ओढतात. मी दंडाची धमकी दिली, काडी तिथेच. भाऊंनी नुसती काडी काढून त्या माणसाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "चुलीला लाव. घरी दोन्ही हातांनी जेवायचंय ना तुला?" दुसऱ्या दिवसापासून काडी गायब! शेठ मला म्हणाले, "राजाभाऊ, निकमांकडून शिका जरा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

बरं, कारखान्यापुरतं असतं तरी चाललं असतं. एकदा आम्ही दोघं नाशिकच्याच द्वारका चौकात बससाठी उभे. समोरच्या दुकानाची पाटी लावायला एकजण शिडीवर चढलेला, शिडीचा एक पाय विटेवर. झालं! भाऊ गेले ते शिडी धरूनच उभे राहिले. मी हाका मारतोय, "भाऊ, बस आली!" तर म्हणतात, "बस मागून दुसरी येते. हा वरून एकदाच येईल." बस गेली. पाटी लागली. दुकानदाराने चहा मागवला तो भाऊंना. मी फुटपाथवर कोरडाच.

आणि माझी मुलगी! तिच्या वाढदिवसाला भाऊ आले आणि केकच्या आधी त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. तेव्हापासून ती त्यांना 'दहाकाका' म्हणते आणि दिसले की धावत जाऊन पंजे पसरते. बापाला कधी दाखवले नाहीत हो पंजे.

पण खरं दुखणं दसऱ्याचं. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, आणि मग मुहूर्तावर मोठी प्रेस सुरू करायचा मान. तो मान दरवर्षी निकमभाऊंचा. मी टाळ्या वाजवायचो आणि आतून धुमसायचो. घरी येऊन मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, तेच तेच ऐकवायचो. ती म्हणायची, "अहो, बटण तर दाबायचं. आपल्या मिक्सरचं दाबा!"

यंदा शेठ म्हणाले, "प्रेस राजाभाऊ सुरू करतील."

मला आकाश ठेंगणं झालं. नवा झब्बा शिवला, खांद्यावर जरीचं उपरणं घेतलं, बोटात सासऱ्यांनी लग्नात दिलेली अंगठी. मंगल आणि मुलगीही बघायला आल्या. माझ्या माणसांनी प्रेमाने प्रेसच्या चाकालाच झेंडूची भली मोठी माळ घातली होती. शेठ घड्याळाकडे बघून म्हणाले, "हं, होऊ द्या." मी पुढे झालो.

"थांबा!" मागून निकमभाऊ. "आधी ती माळ काढा चाकावरची. फिरलं की कुणाला तरी ओढेल. आणि राजाभाऊ, उपरणं काढा. हात दखाडा."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "भाऊ, आज दसरा आहे!"

"मशीनला सण कळत नाही," भाऊ म्हणाले. "अंगठी काढा."

अंगठी निघते थोडीच! लग्नातला मी आणि आताचा मी यात बरीच पुरणपोळी जिरलेली आहे. ओढली, पिळली, साबण लावला, बोट वांग्यासारखं झालं. सगळा कारखाना बघतोय, मुलगी खिदळतेय, मुहूर्त टळत चाललाय. शेवटी शेठ म्हणाले, "जाऊ द्या. निकमभाऊ, तुम्हीच दाबा बटण."

मला रडूच यायचं बाकी होतं. आयुष्यात एकदा ताट समोर आलं, तेही या माणसाच्या पुढे सरकलं!

पण भाऊंनी मान हलवली. "नाही शेठ. आज मान त्यांचा आहे." पूजेच्या ताटातला दोरा उचलला, एक टोक अंगठीखालून सरकवलं आणि उरलेला दोरा माझ्या बोटावर पेरापर्यंत घट्ट गुंडाळला. मग खालच्या टोकाने हळूहळू उलगडू लागले. एकेका वेढ्याबरोबर अंगठी पुढे सरकत होती. "दुखतंय का?" असं दरवेळी विचारत होते. माझी आई सोडून कुणी माझं बोट इतकं जपून धरलेलं मला आठवत नाही. अंगठी निघाली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि मला पुढे ढकललं. मी दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. धाड्! टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने भाऊंनीच वाजवल्या, आणि त्याचाही मला राग आला.

दुपारी सगळे आपट्याची पानं वाटून घरी पळाले. वाटेत मंगलचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. "अंगठी कुठंय?" मी त्या दोघींना रिक्षात थांबवून परत आलो.

कारखाना रिकामा झाला होता. गेटवर वळणावरची गाडी दिसावी म्हणून लावलेला गोल आरसा आहे, त्याच्यासमोर भाऊ एकटेच उभे. दोन्ही पंजे आरशासमोर धरलेले. उलटे केले, सुलटे केले आणि हळूच म्हणाले, "दहा शेतस. जा घर."

पण गेले नाहीत. तिथेच उभे राहिले.

माझी चाहूल लागली तसे ओशाळले. खिशातून अंगठी काढून दिली. मग आपणहून बोलले, "आमची ही रोज दाराशीच अडवायची. हात दखाडा, म्हणायची. बघायची, मग पाणी द्यायची. ती गेली. मुलगी नांदगावला दिलेली. आता घरी कोण बघणार हो?"

तेव्हा कळलं, ती वाक्यं अहिराणीत का. ती त्यांची नव्हतीच, वहिनींची होती. आम्हा सगळ्यांचे हात बघणाऱ्या या माणसाचे हात बघायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. मला तर नाहीच, मी जळण्यात गुंतलेलो.

मी दरडावूनच म्हणालो, "हात दखाडा!"

भाऊ दचकले. मग लहान मुलासारखे पंजे पुढे केले. मी एकेक बोट धरून मोजलं, उलटंसुलटं केलं. "दहा शेतस," मी म्हणालो. "चला, घरी. मंगलने श्रीखंड केलंय."

घरी पहिलं ताट त्यांनाच वाढलं गेलं. पुन्हा जळलो मी, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून पाळी सुटली की भाऊ सगळ्यांचे हात बघतात आणि शेवटी मी भाऊंचे बघतो. परवा शेठच पुढे येऊन म्हणाले, "आज निकमभाऊंचे हात मी बघतो."

मी त्यांना बाजूला सारलं. म्हटलं, "शेठ, पुढच्या दसऱ्याला प्रेसचं बटण खुशाल कुणालाही द्या. हा मान माझा आहे."