आसनावरून उठायचं नाही

चैताली आसनावर बसली, तिने हात जोडले, डोळे मिटले, आणि स्नेहलने घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. सासूबाई विंचूरहून एसटीने निघाल्या होत्या आणि अकराच्या सुमारास इंदिरानगरात येऊन टपकणार होत्या. 'टपकणार' हा शब्द अर्थात स्नेहलने मनातल्या मनातच वापरला.

नऊ वर्षांच्या चैतालीला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागून वर्ष झालं होतं. सकाळी आंघोळ, देवपूजा, मग पाठांतर, मग पाढे आणि मग बाकीचं जग, असा क्रम होता. पाठांतराने जिभेला वळण लागतं आणि मनाला शिस्त, असं स्नेहल सांगायची. सासूबाईंना, म्हणजे सगुणाबाईंना, ते पटत नव्हतं. "देवाचं करावं, पण पोरगी घरात कोंडून नाय ठेवू," असं त्यांचं म्हणणं. स्नेहलचा नवरा संतोष मनमाडला रेल्वेत. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहण्यापेक्षा त्याला रुळांमध्ये उभं राहणं सोपं वाटे. शेवटी त्याने जाहीर केलं, "आई येऊन बघेल, ती म्हणेल तसं." शाळेच्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख होती. थोडक्यात, स्नेहलच्या वर्षभराच्या कष्टांचा निकाल आज लागायचा होता आणि परीक्षेला होतं देवीचं एक्कावन्न श्लोकांचं स्तोत्र.

तयारी मात्र जय्यत होती. फळ्यावर लाल खडूने नियम लिहिले होते: आसनावरून उठायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. मध्ये थांबलं तर पहिल्यापासून. अडलं तर आई पुढचा शब्द सांगेल.

शिवाय आठवडाभर स्नेहल मुद्दाम अडथळे आणत होती. चैताली म्हणत असताना भांडी पाडायची, दूध उतू गेलं, गॅस बंद कर, अशी बोंब मारायची. खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाईंना सांगून तिने दाराची बेलसुद्धा वाजवायला लावली होती. परवा "आईस्क्रीमवाला आलाय" म्हटल्यावर चैताली उठली आणि तिला अर्धा तास बोलणी बसली. "काहीही झालं तरी हलायचं नाही. मी सांगितलं तरी नाही. तीच तर परीक्षा!" असं स्नेहलने बजावलं होतं. चैतालीने ते मनावर घेतलं होतं.

पोरीचा आवाज खणखणीत लागला. पुरणासाठीची डाळ कुकरमध्ये बारीक गॅसवर होती. दोन मिनिटं मोकळी मिळाली म्हणून स्नेहल गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडया उलटायला गेली. वारा आला आणि मागे दार धाडकन आपटलं. त्या दाराची खालची कडी सैल होती. दार आपटलं की ती आपोआप आतून खाली बसायची. संतोष ती दर रविवारी दुरुस्त करणार होता.

स्नेहलने दार ढकललं, हलवलं, खांदा लावला. मग ती खिडकीच्या गजांशी गेली. आत चैताली डोळे मिटून सातव्या श्लोकावर होती.

"चैताली, बाळा, दार उघड. कडी पडलीये."

चैताली थांबली. डोळे मिटलेलेच. ओठांच्या कोपऱ्यात एक शहाणं हसू आलं, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

"अगं, खरंच अडकलेय मी!"

परत पहिला श्लोक, या वेळी थोडा मोठ्याने.

"चैते, परीक्षा नाहीये ही! मी, तुझी आई सांगतेय, ऊठ!"

आईने सांगितलं तरी उठायचं नाही, हे आईनेच सांगितलं होतं. चैतालीने खुशीत मान डोलावली आणि पुन्हा पहिला श्लोक धरला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"गॅस तरी बंद कर गं!" स्नेहल ओरडली. गॅसची युक्ती तर मंगळवारीच होऊन गेली होती. चैताली पहिल्यापासून.

स्नेहलने कठड्यावरून खाली वाकून हाका मारल्या. "यशोदाकाकू! ओ काकू! मी गॅलरीत अडकलेय, वर येऊन बेल वाजवा ना!"

यशोदाबाई खिडकीत आल्या. "आज पण? बरं, येते. आज किती वेळा वाजवू?"

"खरंच अडकलेय हो!"

"तू त्या दिवशी पण असंच म्हणाली होतीस," यशोदाबाई कौतुकाने म्हणाल्या आणि वर जाऊन चांगली आठ वेळा बेल वाजवून आल्या. चैतालीने प्रत्येक बेलला नव्याने सुरुवात केली. पोर जागची हलली नाही. स्नेहलला रडू येत होतं, राग येत होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटत होता.

अकरा वाजता सगुणाबाई आल्या. हातात पिशवी, डोक्यावर पदर. जिन्यातच करपल्याचा वास आला. त्यांनी दार बडवलं.

"चैते, दार उघड! म्या आजी हाय!"

आतून पहिला श्लोक.

खालून यशोदाबाई धावत आल्या. आजीबाईंचा चेहरा पाहून त्यांना आता कुठे प्रकरण खरं असल्याचा उलगडा झाला. त्यांनी झाल्या गोष्टी भराभर सांगितल्या. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं आणि दाराला तोंड लावून ओरडल्या, "सुनबाई! आता बोंबलू नको. जितकं बोलशीन तितकं ती मागं जाईन. गप ऱ्हा, पोरीला संपवू दे."

मग सगळ्या गप्प झाल्या. सगुणाबाई पायरीवर बसल्या, यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला, गॅलरीत स्नेहल उन्हात कुरडयांशेजारी वाळत उभी राहिली. दहा श्लोक झाले. वीस झाले. तीस झाले. बेचाळीस संपला आणि चैताली अडली. नेहमी तिथेच अडायची.

आता आईने शब्द सांगायचा होता. पुस्तक आत टेबलावर होतं. वर्षभर त्या ओळींवरून बोट फिरवणाऱ्या स्नेहलला पुस्तकाशिवाय त्यातला एक शब्द आठवेना. तिने आकाशाकडे पाहिलं, तिथेही काही लिहिलेलं नव्हतं. पोर थांबली तर परत पहिल्यापासून.

आणि दाराबाहेरून सगुणाबाईंनी शांतपणे पुढचा शब्द सांगितला. आयुष्यात पाटी न धरलेल्या बाईने गावच्या देवळात ऐकून ऐकून अख्खं स्तोत्र केव्हाच पोटात घातलं होतं. चैतालीचा सूर पुन्हा लागला तो थेट एक्कावन्नपर्यंत.

"संपलं!" स्नेहल आनंदाने ओरडली. "उघड आता!"

पण शेवटी पाच मिनिटं ध्यान असे. तेही स्नेहलनेच ठरवलं होतं.

पाच मिनिटांनी चैतालीने दोन्ही दारं उघडली. गॅस बंद झाला. डाळ कोळसा झाली होती. उन्हाने लालबुंद झालेली स्नेहल आत येऊन खुर्चीत कोसळली. चैताली दोघींसमोर उभी राहिली. "आई, मी एकदापण नाही उठले! कोणीतरी आजीचा आवाज काढतंय, असंच वाटलं मला!"

सगुणाबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सुनबाई, म्या भांडायलाच आले व्हते. पण अशी पोर लय नशिबानं मिळती. काय वळण लावलं गं तू! शाळाबिळा काय नाय. घरीच शिकव."

वर्षभर स्नेहल ज्या वाक्याची वाट पाहत होती, ते हेच. तेवढ्यात मनमाडहून संतोषचा फोन आला.

"काय म्हणाली आई?"

"घरीच शिकव म्हणाल्या."

"अरे वा! जिंकलीस की!"

"हो ना," स्नेहल पदराने घाम पुसत म्हणाली. "येताना शाळेचा फॉर्म घेऊन या. स्तोत्र संध्याकाळी म्हणेल ती."

सगुणाबाई चकित झाल्या. "आगं, म्या हो म्हणले ना आता?"

"म्हणालात, आई. पण तुम्ही उद्या विंचूरला जाल. हिच्यासोबत घरात मला एकटीला राहायचंय."

सगुणाबाईंनी काळ्या पडलेल्या कुकरकडे पाहिलं, मग नातीकडे पाहिलं. "दोन फॉर्म आणायला सांग," त्या म्हणाल्या. "एखादा चुकला तर?"