रंगराव सशाचा वन्समोअर

एका जंगलात, मुलांनो, पाणवठे दोन होते आणि नाटकमंडळ्या सात. सातव्या मंडळीत रंगराव नावाचे ससोबा होते. नाटक स्वतः लिहायचे आणि नायकही स्वतःच व्हायचे. पण बारा वर्षांत त्यांना एकदाही वन्समोअर मिळाला नव्हता.

"एक मिळाला की मरायला मोकळा," असे ते म्हणत. बोलायला काय जाते!

त्या हिवाळ्यात विलायतेहून आलेल्या करकोच्याने त्यांना तिकडची लोककथा सांगितली. एक गरीब वीर एकटा जाऊन राक्षस मारतो.

"एकटा?" रंगराव दचकले. "अहो, मला पाचोळा वाजला तरी घाम फुटतो."

मग त्यांच्या रूपांतरात राक्षस आपणच पाय घसरून मरू लागला. राक्षसाचा वाघही झाला. इकडच्या प्रेक्षकांना तेवढाच राक्षस ठाऊक होता.

"तिकडची रीत मात्र सोडू नका," करकोचा म्हणाला. "राक्षस मागून येतो. लोक ओरडतात, 'मागे बघ!' वीर मुद्दाम भलतीकडे बघतो. लोक हसून लोळतात."

वाघाचे सोंग अस्वलाने घ्यायचे ठरले. प्रयोगाच्या दिवशी अस्वल मधाच्या पोळ्यापाशी रमले आणि रंगमंचावर वाघच आला. खराखुरा.

"काय सोंग वठलंय अस्वलाचं!" हरणे म्हणाली आणि ओरडली, "मागे बघ!"

रंगरावांनी डावीकडे पाहिले. "कुठंय?"

"अरे, मागे!"

त्यांनी उजवीकडे पाहिले. हशा पिकला. वाघ गोंधळून थांबला. त्याला बघून आजवर कोणी हसले नव्हते.

शेवटी रंगराव वळले. अस्वलाच्या अंगाला मधाचा वास यायचा, याच्या अंगाला येत नव्हता. त्यांची बोबडी वळली. "आ... आई गं!"

सगळे जंगल उठून उभे राहिले. "वन्समोअर! वन्समोअर!"

करवंदीची जाळी दोन उड्यांवर होती. रंगरावांनी जाळीकडे पाहिले, मग प्रेक्षकांकडे पाहिले. सांगायला वाईट वाटते, पण त्यांचे डोळे आनंदाने भरून आले.

"जरा मागं सरता का?" ते वाघाला हळूच म्हणाले. "पहिल्यापासून घेऊ."

आणि त्यांनी वाघाकडे पाठ केली.

दुसरा वन्समोअर पहिल्यापेक्षा मोठा झाला. तो घ्यायला रंगराव नव्हते.

तात्पर्य: वाघ मागे असताना टाळ्यांसाठी पाठ फिरवणारा मूर्ख असतो. हे मला पुरते पटले आहे. तरी गोष्ट आवडली असेल तर जरा मोठ्याने सांगा. मी तुमच्याकडे तोंड करून उभा आहे.