डॉ. देवस्थळींचा सातवा वाडगा

डॉ. दिगंबर देवस्थळींना चिनी लोकांविषयी काडीचीही माहिती नव्हती, आणि म्हणूनच त्या विषयावर ते तास तासभर बोलू शकत. १९८६ सालच्या उन्हाळ्यात ह्यूस्टनच्या मराठी मंडळींचा घरटी एकेक पदार्थ आणून केलेला असा एकही पॉटलक झाला नाही, जिथं त्यांनी हातातली पेपर प्लेट सावरत सगळ्यांना ऐकवलं नाही, "आशियाई माणसाची नाडी आशियाई माणसालाच कळते!"

या नाडीज्ञानाला एकाएकी धुमारे फुटण्याचं कारण होतं एक खुर्ची. चायनाटाउनमधल्या म्हाताऱ्या चिनी मंडळींचा रक्तदाब तपासायचा, त्यांना मीठ कमी खायला शिकवायचं, अशी एक मोहीम निघाली होती आणि तिला मेडिकल डायरेक्टर हवा होता. देवस्थळींचा मिरजेचा वर्गमित्र गिरीश दोन वर्षांपूर्वीच इथं ह्यूस्टनमध्ये कशाचा तरी डायरेक्टर झाला होता, आणि तेव्हापासून देवस्थळींना अन्न गोड लागत नव्हतं. म्हणजे जात भरपूर होतं, गोड लागत नव्हतं. नेमणूक समितीच्या मिसेस हॉल पहिल्या रविवारच्या कार्यक्रमाला जातीनं येणार होत्या. लोक डॉक्टरांचं कितपत ऐकतात ते बघून त्या नाव पक्कं करणार होत्या. देवस्थळींनी मात्र मंडळात स्वतःचं नाव पक्कं करूनही टाकलं होतं.

मोहिमेतलं खरं काम ग्रेस क्वान नावाची नर्स करायची. नऊ वर्षं ती त्या वस्तीत घरोघर जिने चढत होती. तिनं शनिवारी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. एक, आधी जेवण होईल आणि मग भाषण, कारण पाहुण्याला उपाशी बोलायला लावणं तिथल्या वडीलधाऱ्यांना पटणार नाही. दुसरी, वाडग्यात थोडं अन्न शिल्लक ठेवा.

"मिस क्वान," देवस्थळी म्हणाले, "पाच हजार वर्षांची संस्कृती आहे आमची. जेवायचं कसं ते मला शिकवू नका."

फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला, सुनेत्राला, ऐकवलं की पानात टाकायला सांगतेय बघ ती बाई. सुनेत्रानं शांतपणे सुचवलं की अहो, ती तिथलीच आहे, ऐका तिचं. पण ऐकण्याचा आणि देवस्थळींचा छत्तीसचा आकडा होता.

रविवारी चायनाटाउनच्या सभागृहात शंभरेक म्हातारे-म्हाताऱ्या गोल टेबलांभोवती बसल्या होत्या. यजमान होते मिस्टर मोय, ऐंशीचे, काडीपैलवान आणि अतिशय अदबशीर. डॉक्टर शाकाहारी आहेत हे कळल्यामुळे त्यांच्या पत्नीनं मुद्दाम वेगळा स्वयंपाक केला होता : भात, टोफू, खारवलेली मोहरीची पालेभाजी आणि सगळ्यांवर सोया सॉसची काळीभोर धार. त्यातल्या मिठानं एखादं आगर भरलं असतं.

देवस्थळींनी पहिला वाडगा चाटूनपुसून संपवला आणि मिसेस हॉलकडे असं पाहिलं, की बघा, याला म्हणतात लोकांत मिसळणं. मोयबाईंनी लगेच दुसरा भरला. देवस्थळी खूश झाले. आग्रह! अगदी आपल्यासारखाच! यजमानीण आग्रह करते आणि पाहुणा पान लख्ख करून तिचा मान राखतो, हे बाळकडू त्यांना मिरजेत मिळालं होतं. त्यांनी तिचा मान राखला. तिनं तिसरा भरला.

आता गोष्ट अशी होती, की त्या सभागृहात रिकामा वाडगा म्हणजे यजमानाची अब्रू जाणं. पाहुण्यानं घास-दोन घास ठेवले तर त्याचं पोट भरलं, आणि तळ दिसला तर तो अजून उपाशी आहे. इकडे देवस्थळी तळ दाखवल्याशिवाय उठायला तयार नाहीत, तिकडे मोयबाई तळ दिसल्यावर त्यांना उठू द्यायला तयार नाहीत. दोघंही आपापल्या जागी सज्जन, आणि मध्ये बिचारं एक पोट! चौथ्या वाडग्याला देवस्थळींनी हात आडवा धरला. पण आग्रहाच्या पंगतीत पहिल्या 'नको'ला किंमत नसते, हे चीनमध्येही ठाऊक असावं. बाईंनी बोटांच्या फटीतून भाजी वाढली.

ग्रेसनं वाकून कानात सांगितलं, "डॉक्टर, दोन घास ठेवा. नाहीतर हे थांबणार नाही."

"मी अन्न टाकत नाही," देवस्थळी म्हणाले आणि पाचवा संपवला.

सहाव्याला स्वयंपाकघरातली पातेली संपली. मिस्टर मोय यांच्या चेहऱ्यावर शरमेचा घाम आला. समोरच्या हॉटेलात माणूस पिटाळला गेला. शेजारच्या टेबलांवरचे लोक खुर्च्या वळवून बसले, आणि एका आजीबाईंनी ग्रेसला हळूच विचारलं की या डॉक्टरला बायको नाही का. हॉटेलातून नूडल्स आल्या. सातवा वाडगा देवस्थळींनी डोळे मिटून, केवळ संस्कृतीच्या बळावर संपवला. आठवा वाढायच्या आत मिसेस हॉलनीच घड्याळाकडे बघितलं आणि भाषणाची वेळ झाल्याचं सांगितलं. नाहीतर ही गोष्ट इथंच शोकसभेनं संपली असती.

देवस्थळी टेबलाला धरून उभे राहिले. विषय होता, 'कमी खा, मीठ टाळा'. पहिल्या वाक्याला उचकी लागली, दुसऱ्याला ढेकर आला, आणि "पोट थोडं रिकामं ठेवावं" हे वाक्य ग्रेसनं भाषांतरित करताच सभागृह हसून हसून लोळलं. आपल्या विनोदबुद्धीवर देवस्थळी स्वतःच भाळले. गाढवाला आरसा दाखवला तरी त्याला त्यात घोडाच दिसतो.

भाषणानंतर रक्तदाब तपासायला कोणी पुढे येईना. तेव्हा मिस्टर मोय यांनी अदबीनं सुचवलं की आधी डॉक्टरांचा तपासावा, म्हणजे लोकांची भीती जाईल. देवस्थळींनी ऐटीत बाही वर केली, मोहिमेच्या फोटोग्राफरकडे तोंड केलं आणि फोटो छापायच्या परवानगीवर, न वाचता, सही ठोकली.

ग्रेसनं दोनदा मोजला. एकशे शहाण्णव बाय एकशे बारा.

सभागृहात खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. सात वाडगे खाल्ल्यावर माणसाचं काय होतं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजीबाई बाह्या वर करत रांगेत घुसल्या. त्या दिवशी चौऱ्याण्णव जणांनी रक्तदाब तपासून घेतला आणि मिसेस हॉलना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. देवस्थळी घरी आले ते खुर्चीवर बसल्यासारखेच.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. मिसेस हॉलनी त्यांचे मनापासून आभार मानले होते. मेडिकल डायरेक्टरसाठी मात्र बैठकीत वेगळाच निर्णय झाला होता : मोहिमेला आता डॉक्टरपेक्षा वस्तीतलं माणूस हवं, तेव्हा पदाचं नाव बदलून ते ग्रेस क्वानला दिलं होतं. आणि मंगळवारच्या आहार-वर्गात डॉक्टरांसाठी एक जागा राखून ठेवली होती, पेशंट म्हणून.

देवस्थळींनी पत्र ड्रॉवरच्या तळाशी कोंबलं. पण पाकिटात एक रंगीत पत्रकही होतं. त्यावर बाही वर केलेले, हसरे देवस्थळी, आणि खाली चिनी अक्षरांच्या दोन ठसठशीत ओळी! खुर्ची गेली तरी कीर्ती उरली. त्यांनी पत्रक फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं, त्याच्या चाळीस प्रती मिरजेला धाडल्या, आणि मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी मुखपृष्ठ म्हणून दिलं. खाली मराठी ओळ स्वतःच लिहिली : 'चिनी बांधवांचे लाडके आरोग्यगुरू'.

पहिल्या मंगळवारी सुनेत्रानं त्यांना धरून वर्गाला नेलं. भिंतीवर तेच पत्रक होतं. देवस्थळींनी अगदी सहज, म्हणजे सकाळपासून ठरवून, ग्रेसला विचारलं की यात माझ्याविषयी काय लिहिलंय.

ग्रेस जरा घुटमळली. "मिस्टर मोय यांनी लिहिलंय ते."

"वाचा ना."

"'हे गृहस्थ वाडग्यात काहीच ठेवत नाहीत. तुम्ही ठेवत जा.'"

सुनेत्रा खिडकीबाहेर बघायला लागली. देवस्थळींनी घसा खाकरून बायकोला विचारलं की मंडळाचा छापखाना किती वाजता बंद होतो. तिनं सांगितलं की त्याचा आता उपयोग नाही, स्मरणिकेच्या दोनशे प्रती सकाळीच छापून आल्या, आणि पहिली गिरीशभाऊजी घेऊन गेले.