कुमारी ब्रॅनिगन यांची बढती

व्हिएन्नात शिकायला येणाऱ्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने सत्रातून एक दिवस शहर पाहावे, असा आमच्या विद्यापीठाचा नियम आहे. नुसते पाहून भागत नाही. कॅथेड्रल, कॅफे, चित्रसंग्रहालय आणि बागेतला मोठा फिरता पाळणा अशा चार ठिकाणी नमुना सात या पत्रकावर 'पाहिले' असा शिक्का घ्यायचा आणि त्याच दिवशी पाचच्या आत तो माझ्या टेबलावर आणून द्यायचा. मग तीन श्रेयांक मिळतात. न मिळाल्यास सत्र बाद आणि सहा महिन्यांचा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. मी माजिस्टर एडमुंड नव्रातिल, परदेशी विद्यार्थी कक्षाचा दुय्यम उपप्रमुख. 'माजिस्टर' ही माझी पदवी आहे, नाव नव्हे. पण माझी बायकोही मला त्याच नावाने हाक मारते.

कुमारी केल्सी ब्रॅनिगन, वय वीस, राहणार नेब्रास्का, अमेरिका, हिने मंगळवारी सकाळी नऊ वाजता शहर पाहण्यास सुरुवात केली. पुढील हकीकत संबंधितांच्या जबान्यांवरून दिली आहे. मे महिन्यात ती पदवीधर व्हायची होती आणि समारंभाला येण्यासाठी तिच्या आईने रजाही टाकली होती. तेव्हा एकही शिक्का सुटू द्यायचा नाही, असे ठरवूनच मुलगी निघाली होती.

कॅथेड्रलच्या दारातल्या म्हाताऱ्याने पत्रक उलटसुलट पाहिले.

"नावाआधीचा रकाना कोरा आहे."

"माझ्या नावाआधी काही नाही."

"असं कसं? आमच्याकडे धुराडी साफ करणाऱ्यालासुद्धा असतं काहीतरी."

"मी नुसती केल्सी आहे हो."

"अरेरे, बिचारी! एवढ्या लांब आलीस तीही तशीच?" म्हाताऱ्याला खरेच वाईट वाटले. त्याने शिक्का मारला, पण कडेला पेन्सिलीने लिहिले, 'पुढील ठिकाणी रकाना भरून द्यावा.'

पुढील ठिकाण कॅफे होते. कॅफेत चष्मेवाल्या गिऱ्हाइकाला 'डॉक्टर' आणि बिनचष्मेवाल्याला 'डायरेक्टर' म्हणायचे, ही आमची जुनी रीत. केल्सीला चष्मा होता.

"काय आणू, डॉक्टरबाई?" वेटर लेओपोल्डने विचारले.

"एक कॉफी."

"एक कॉफी! उद्या म्हणाल, एक माणूस आणा. कसली कॉफी?"

उत्तराची वाट न पाहता त्याने स्वतःच ठरवून एक आणून ठेवली. मग पेन्सिलीची सूचना वाचून रकान्यात शाईने 'डॉ.' लिहिले आणि त्यावरच शिक्का हाणला.

"अहो, काय करताय? मी डॉक्टर नाहीये!"

"चाळीस वर्षं इथे माणसं बघतोय मी. सकाळी नसाल. आता शिक्का पडलाय."

चित्रसंग्रहालयात विद्यार्थ्यांचे दार बाजूला आहे. तिथल्या पहारेकऱ्याने पत्रक पाहिले आणि तो दारात आडवा उभा राहिला. "डॉक्टरांनी पोराटोरांच्या दारातून जायचं? माझी नोकरी जाईल, बाई. पुढून या."

"मी डॉक्टर नाही, शपथेवर सांगते!"

पहारेकरी विचारात पडला. डॉक्टर नसलेला माणूस 'मी डॉक्टर आहे' असे सांगतो, हे त्याने आयुष्यभर पाहिले होते. 'मी डॉक्टर नाही' असे तळमळून सांगणारा मात्र डॉक्टरच्याही वरचाच कोणीतरी असणार. त्याने 'डॉ.'च्या आधी 'प्रोफे.' जोडले, शिक्का मारला आणि आत वर्दी दिली. परिणामी केल्सी पहिल्या मोठ्या चित्रासमोर उभी राहते न राहते तोच तिच्यामागे चौदा सेवानिवृत्त मंडळी वह्या उघडून उभी होती.

"प्रोफेसरबाई, या चित्राबद्दल आपलं मत?"

केल्सी घाबरली. चित्राकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "बर्फ खूप आहे."

चौदा पेने चालू लागली. एका आजीबाईंनी डोळे पुसले. "चाळीस वर्षं येतेय मी इथे. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं." टाळ्या झाल्या. केल्सीने आपल्या जबानीत इथे एक कबुली दिली आहे, की टाळ्या ऐकून बरे वाटले.

त्या मंडळींत दरबारी सल्लागार डॉ. हिंटरलाइटनर होते. आमच्याकडचा दरबार उठून शंभर वर्षे झाली. सल्लागार अजून बसलेले आहेत. ते तिला स्वतः पाळण्यापाशी घेऊन गेले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "या माझ्या सहकारी." त्याने लगेच दोघांसाठी अख्खा डबा मोकळा करून दिला, त्यातल्या एका लग्नाच्या वऱ्हाडाला नवरीसकट खाली उतरवले, आणि पत्रकावर शिक्का मारून 'दरबारी सल्लागार' अशी भर घातली. या खेपेला केल्सी काही बोलली नाही. वरून शहर छान दिसत होते.

चार वाजून चाळीस मिनिटांनी ती माझ्या कक्षात आली. रकाना भरून मजकूर समासात गेला होता. मी उभा राहिलो, रीतीप्रमाणे तिच्या हातावर ओठ टेकवले, आणि शिपायाला कॉफी सांगितली.

"चारही शिक्के आहेत," ती म्हणाली. "माझे श्रेयांक द्या."

"जरूर. पण नमुना सात विद्यार्थ्यांसाठी आहे. विद्यार्थिनी कुठे आहे?"

"मीच!"

"प्रोफेसरबाई, थट्टा पुरे. कुमारी ब्रॅनिगनला आज शहरात कोणी पाहिलेलं नाही. ती गैरहजर दिसते. तसा शेरा द्यायला प्रोफेसर दर्जाची सही लागते. आमचे प्रोफेसर गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलेत. आपण आलाच आहात, तर आपणच करा."

मुलगी रडकुंडीला आली. मला दया आली. कपाटाच्या तळातून मी नमुना एकतीस काढला. त्यावर एकच वाक्य छापलेले आहे: 'मी कोणीही नाही.' खाली नुसत्या नावाने सही करायची. सगळ्या उपाध्या तात्काळ रद्द, श्रेयांक जागच्या जागी, सत्र वाचले.

"एवढंच?" तिचा चेहरा उजळला.

"एवढंच."

तिने पेन उचलले. तेवढ्यात शिपाई चांदीच्या तबकात कॉफी घेऊन आला. "प्रोफेसरबाई, साखर किती घालू?" बाहेर दरबारी सल्लागार दार उघडून धरून उभे होते, आणि त्यांच्यामागे ती आजीबाई वही घेऊन. पाचाला चार मिनिटे होती. केल्सीने त्या एका वाक्याकडे पाहिले. मग दाराकडे. मग पुन्हा वाक्याकडे.

"हे कुणी वाचतं का?"

"फाइलला लागतं. कायमचं."

पाचाला एक मिनिट असताना तिने नमुना एकतीस माझ्याकडे परत सरकवला आणि नमुना सातवर 'गैरहजर' लिहून सही केली. सहीआधी तिने उपाध्याही लिहिल्या, क्रमाने, एकही न गाळता. "हल्लीच्या विद्यार्थ्यांना जबाबदारी म्हणून नाहीच," असे म्हणून ती कॉफीकडे वळली.

वाचक, तुम्ही हसलात. तिच्या जागी असता तर तीन शब्दांखाली सही करून मोकळे झाला असतात, नाही का? उत्तम. आमच्याकडे नमुना एकतीसच्या पाचशे प्रती छापलेल्या आहेत आणि आजवर एकही वापरली गेलेली नाही. एक तुम्हाला आजच्या टपालाने पाठवतो. पाकिटावर तुमच्या नावाआधी काय काय लिहायचे, तेवढे कळवा.