देवमन मास्तरांची हाव

“माणसाले पाय काहून देल्ले?” अकोल्यातल्या लग्नात, हातातली बुंदी हवेतच धरून देवमन मास्तरांनी अख्ख्या पंगतीला विचारलं. आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच दिलं. “चालाले! खुर्चीत बसून मिरवाले नाई!”

हा टोला समोर जिलबी खात बसलेल्या खुशालरावांना होता. खुशालराव म्हणजे मास्तरांचे साडभाऊ, पुण्याकडच्या भाषेत साडू, राहणार जठारपेठ, वजन भिजलेल्या कापसाच्या गाठीएवढं. मागच्या वर्षी ते मुलाकडे अमेरिकेला गेले, तेव्हा विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून फिरले. वर तसा फोटो हौसेनं घरच्या ग्रुपवर टाकला. झालं! तेव्हापासून बारसं असो, मयताचं पुण्यानुमोदन असो, मास्तर त्यांना ‘खुर्चीवाले नवरदेव’ म्हणूनच हाक मारत.

आता पाळी मास्तरांची होती. धामणगाव रेल्वेच्या शाळेत पोरांना पी.टी. शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आता अमरावतीत निवृत्त. एकुलती एक लेक प्रियदर्शनी मेलबर्नला बाळंत झाली होती, आणि मास्तर नि त्यांची बायको जाईबाई नातू पाहायला निघाले होते.

“लय लांबचं काम हाये, साडभाऊ,” खुशालराव जिलबीचा पाक चाटत म्हणाले. “पाय सुजतात. खुर्ची सांगून ठेवा.”

“मी खुर्चीत बसलो तं तुमाले खुर्चीत बसवून अख्ख्या जठारपेठेतून ढकलत नेईन! दिवसाढवळ्या!”

“कबूल?”

“हाव!”

हे ‘हाव’ जरा नीट ऐकून ठेवा. पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. आमच्या वऱ्हाडात हाव म्हणजे हो. तेही साधंसुधं हो नाही, खुंट्याला बांधलेलं हो! मास्तर तर ते छाती काढून, मैदानाच्या त्या टोकाच्या पोराला ऐकू जाईल असं म्हणत. पंगतीतली लहान पोरं दचकून सावधानमध्ये उभी राहिली.

“अजी,” शेजारून जाईबाई हळूच म्हणाल्या, “मले तं बसू द्याल का खुर्चीत? माये गुडघे...”

“पी.टी.च्या मास्तराची बायको अन् खुर्चीत? शोभते का!”

जाईबाईंनी गुडघे पदराखाली घेतले आणि विषय मिटला. साक्षीदार म्हणून मेलबर्नचा जावई, अश्विन, याला फोनवरून नेमण्यात आलं. त्यानं विमानतळाच्या दारात उभं राहून खुशालरावांना व्हिडिओ कॉल लावायचा. मास्तर दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर येणार, फोनला सलामी ठोकणार, आणि खुशालराव जन्मभर तोंड उघडणार नाहीत. या प्रसंगासाठी मास्तरांनी पांढरेशुभ्र नवे बूट घेतले.

अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत ऑटो, तिथून मुंबईपर्यंत रेल्वे, आणि मग विमान. विमानात बसल्या बसल्या मास्तरांनी बूट काढून पिशवीत ठेवले. मळायला नको!

हवाईसुंदरी आली. तिनं विचारलं, “चिकन ऑर व्हेज, सर?”

“हाव!”

ती घाबरली. “हाऊ?”

“हाव,” मास्तर आनंदानं म्हणाले आणि बायकोकडे वळले. “पाह्य! पोरगी आपल्याच बोलीत बोलून राहिली! मूर्तिजापूरची असंन.”

पोरीनं चिकन कसं शिजवलंय ते सविस्तर सांगितलं, मग व्हेज कसं शिजवलंय ते सांगितलं, आणि शेवटी दोन्ही ठेवून निघून गेली. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांच्या लक्षात गोंधळ आला असेल. मास्तरांच्या लक्षात फक्त चिकन आलं.

रात्र सरेना, दिवस उगवेना. जाईबाईंचे गुडघे समोरच्या खुर्चीत रुतले होते, आणि समोरच्या गोऱ्या माणसानं खुर्ची मागे रेलवली की त्या “आई वं!” म्हणत. तो दर वेळी “यू आर वेलकम” म्हणे. मास्तर मात्र दर थोड्या वेळानं उठून वाटेत कवायत करत. एक, हात वर! दोन, हात बाजूला! तीन, वाकून अंगठे! तिसऱ्या आकड्याला कंबरेत उसण भरली आणि ते वाकलेलेच राहिले.

हवाईसुंदरी धावली. “सर! आर यू ओके?”

“हाव!” जमिनीकडे पाहत मास्तर गरजले.

तिला ऐकू आलं, “हाऊ?” असा प्रश्न वाकलेला माणूस विचारतो म्हणजे प्रकरण गंभीर! तिनं वायरलेसवर कोणाला तरी कळवलं.

मधल्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. मास्तरांनी पिशवीतून बूट काढले तर पाय मावेनात! पाय म्हणजे तंबूसारखे फुगलेले. उजवा कसाबसा कोंबला, डावा अर्धाच गेला. अशा रीतीनं एक पाऊल ठेवत, एक घासत मास्तर विमानाच्या दारात पोचले, तर दारात खुर्ची! चाकाची! मागे एक हसतमुख बाई.

“कॅन यू वॉक, सर?”

वॉक हा शब्द पी.टी.तला. मास्तरांना बरोब्बर कळला. त्यांनी छाती काढली. “हाव!”

“हाऊ?” बाईंचा चेहरा कळवळला. “ओह, यू पुअर मॅन!” आणि तिनं त्यांना अलगद खुर्चीत दाबलं.

“नो! नो!”

“नो? यू कान्ट?”

“हाव! हाव! चालतो ना मी! चेअर नो गुड!”

चेअर चांगली नाही म्हणताहेत, एवढं बाईंना कळलं. तिनं माफी मागितली आणि दुसरी आणवली. ही मोठी होती. हिला मान टेकायला उशी होती, पाय ठेवायला पाट होता, आणि पोटावर पट्टा होता.

हे सगळं पाहून जाईबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. खुर्ची काय, सिंहासनच! त्या पुढे सरकल्या आणि गुडघ्याला हात लावून उभ्या राहिल्या.

“मॅडम, कॅन यू वॉक?”

लेकीनं फोनवर शिकवून ठेवलं होतं की काही हवं असलं तर यस म्हणायचं. जाईबाई जीव तोडून म्हणाल्या, “यस! यस! यस!”

“ग्रेट!” बाई म्हणाली, आणि खुर्ची निघाली. ज्यांना चालायचं होतं ते पट्ट्यात, ज्यांना बसायचं होतं त्या मागे मागे पिशव्या घेऊन.

“थांबवा ना वं तिले!” जाईबाई धापा टाकत ओरडल्या.

“मी काय करू? मले बांधलं हाये!”

“मले नाई बांधलं ना कोणी! साठ वर्षांत एक डाव बसाची हौस होती, तेही तुमीच घेतली!”

मेलबर्नला तर बातमी आधीच पोचली होती. विमानाच्या दाराशी दोन दणकट माणसं, खुर्ची आणि पट्टा. “कॅन यू वॉक, सर?” यावर मास्तरांनी या खेपेला विमान हादरेल असं हाव म्हटलं, म्हणून पट्टे दोन लागले.

शिक्के मारणाऱ्या साहेबासमोर खुर्ची उभी राहिली. साहेब म्हणाला, “हाऊ लाँग, सर?”

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “हाव, साहेब! लय लाँग! बडनेऱ्यापासून!”

साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, आणि गुपचूप शिक्का मारला. जाईबाई मात्र या वेळी नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्या साहेबाच्या ओठांकडे पाहत होत्या, आणि काहीतरी जुळवत होत्या.

सामान आलं. शेवटचं दार समोर दिसू लागलं. दारापलीकडे अश्विन. अश्विनच्या हातात फोन. फोनमध्ये खुशालराव! मास्तरांना घाम फुटला. इतक्यात दोन्ही दणकट माणसं जाईबाईंची मोठी बॅग सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून उचलायला वळली. मास्तरांनी खट् खट् दोन्ही बक्कल काढले.

“जाई, चाल! सावधान!”

“अजी, पण...”

“लेफ्ट! राइट! लेफ्ट!”

दार आपोआप उघडलं आणि देवमन मास्तर परदेशात स्वतःच्या पायांनी प्रवेशले! डावा बूट अर्धाच होता, तरी हात खांद्यापर्यंत जात होते. अश्विननं फोन उंच धरला. फोनमध्ये अकोल्याची सकाळ होती, आणि तोंडात ब्रश धरलेले खुशालराव.

“जयभीम, साडभाऊ!” मास्तरांनी कडक सलामी ठोकली. “पाहून घ्या! खुर्ची दिसते कोठी?”

खुशालरावांचा ब्रश थांबला. तोंडातला फेस ओघळला. चेहरा पडला. मास्तरांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता!

मागून धावत्या पावलांचा आवाज आला. “सर! सर! स्टॉप!” दोन्ही दणकट माणसं खुर्ची, बॅग आणि जाईबाईंसकट येऊन पोचली. एकानं दंड धरला. “सर, आर यू शुअर? कॅन यू वॉक?”

आणि मास्तरांनी, फोनमध्ये पाहत, अख्ख्या वऱ्हाडाची इज्जत छातीत भरून उत्तर दिलं, “हाव!!”

पुढच्या क्षणी ते खुर्चीत होते. खट्. खट्.

अश्विन हसून हसून भिंतीला टेकला. “मामाजी! ते विचारून राहिले, चालता येते का? अन् तुमी म्हणून राहिले, हाऊ? म्हणजे, कसा चालू बाप्पा?”

मुंबईपासूनचे सगळे हाव एकामागून एक मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेले, पहिला चिकनचा.

फोनमधून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. खुशालराव हसत होते. मग त्यांनी तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, आणि अगदी पंगतीतल्यासारखं शांतपणे विचारलं, “जठारपेठ, साडभाऊ. दिवसाढवळ्या. कबूल?”

सवयीनं मास्तरांची छाती पुढे आली. तोंड उघडलं. दणकट माणसांचे हात तिसऱ्या पट्ट्याकडे गेलेले त्यांनी पाहिले. त्यांनी तो शब्द आवंढ्यासोबत गिळला, आणि मुलगी पाहायला आलेल्यांपुढे बोलावं तसं हळूच म्हणाले, “यस.”

“यस?” दणकट माणसं उडालीच. “ही कॅन वॉक!” त्यांनी टाळ्या वाजवल्या, पट्टे सोडले, मास्तरांना उभं केलं. खुर्ची रिकामी झाली. मग त्यांचं लक्ष बॅगेवर टेकून गुडघे चोळणाऱ्या बाईंकडे गेलं.

“अँड यू, मॅडम? कॅन यू वॉक?”

जाईबाईंनी पदर सावरला. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. आणि मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं, खणखणीत म्हणाल्या, “हाव!”

खुर्ची त्यांच्याखाली कधी आली ते त्यांनाही कळलं नाही. मानेला उशी लागली, पाय पाटावर गेले. दणकट माणसांनी खुर्चीचे दांडे प्रेमानं मास्तरांच्या हातात दिले आणि गाड्यांकडे जायचा रस्ता दाखवला. मास्तर ढकलू लागले. अश्विन फोन घेऊन शेजारी चालू लागला.

“लय मस्त,” खुशालराव म्हणाले. “सराव होऊन राहिला. पण मोडावर हळू घ्या, साडभाऊ. जठारपेठेत गतिरोधक लय हायेत.”