पाच सख्खी, नऊ उसनी

कचेरीतून फोन आला तेव्हा काकू एका हाताने पाळणाघरातल्या एका पोराचं नाक पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने दुसरीच्या तोंडातला खडू काढत होत्या. म्हणून फोन काकांनी घेतला आणि तिथंच सगळं बिनसलं. निवृत्त झाल्यापासून काकांना प्रत्येक फोनमध्ये संकटच ऐकू यायचं. परवा, म्हणजे बुधवारी अकराला, एक बाई पाहणीला येणार आहेत, महासाथीचा पाळणाघरांवर काय परिणाम झाला ते विचारायला, असं त्यांनी पडेल चेहऱ्याने सांगितलं.

"मग विचारू देत की," काकू म्हणाल्या.

"नुसतं विचारतील होय? मोजतील. पाचच पोरं दिसली, की कचेरीच्या यादीतून नाव उडालंच म्हणून समज."

पूर्वी काकूंकडे चौदा पोरं होती, नोंदणीची मर्यादाच तेवढी. साथ आली तसे आईबाप घरात बसून काम करायला लागले, आणि साथ गेली तरी उठायचं नाव काढेनात. उरली पाच. यादीतून नाव गेलं तर तीही जाणार, कारण यादीबाहेरच्या पाळणाघरात आपलं लेकरू कोण सोडेल? बावीस वर्षं काकूंनी दुसरं काही केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यांना दुसरं काही करायचंही नव्हतं. भिंतीवर पिशव्या अडकवायला ओळीने चौदा खुंट्या होत्या. वाचता न येणाऱ्या पोरांना आपली खुंटी कळावी म्हणून प्रत्येकीच्या वर एकेक चित्र होतं, बदक, छत्री, कासव, आगगाडी असं. नऊ खुंट्या रिकाम्या झाल्या तरी काकू दर शनिवारी चौदाच्या चौदा चित्रं पुसायच्या.

तोडगा काकांनी काढला, आणि एरवी पोरांना 'आई पाच मिनिटांत येईल' एवढीही थाप न मारणाऱ्या काकूंनी तो घाबरून मान्य केला. वाटीभर साखर मागावी तशी त्या दारोदार पोरं मागत फिरल्या. शिंपीणबाईंनी जुळी दिली. वरच्या मजल्यावरून तीन मिळाली. काकांच्या फिरायला जाणाऱ्या मित्रांनी मिळून तीन नातवंडं काढून दिली. नववं काही केल्या जमेना, तेव्हा औषधांच्या दुकानदाराने शाळेला सुट्टी असलेली आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ केली. एवढी मोठी मुलगी पाळणाघरात कशी दिसेल, असं काकूंनी चाचरत विचारलं, तर तो म्हणाला, बसवून ठेवा, बसली की लहान दिसते.

बुधवारी सकाळी काकांनी उसन्या पोरांची तालीम घेतली. कधीपासून येता, असं विचारलं की "दोन वर्षांपासून" म्हणायचं. जुळी दीड वर्षाची होती, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

अकराच्या ठोक्याला पाहणीवाल्या बाई आल्या. तिशीतल्या, चेहऱ्यावर थकवा, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. मोठी खुर्ची औषधवाल्याच्या मुलीचे लांब पाय लपवायला पुढे लावलेली होती, म्हणून त्या गुडघे हनुवटीला लावून पोरांच्या खुर्चीतच बसल्या. साथीच्या आधी पोरं किती, त्यांनी विचारलं. चौदा, काकू म्हणाल्या. आता किती? काकूंनी काकांकडे पाहिलं आणि जमिनीकडे बघत चौदाच म्हणाल्या. बाईंनी लिहून घेतलं. मग सहज म्हणून त्यांनी एका उसन्या नातवाला विचारलं, "तुझी खुंटी कुठली रे?"

हे मात्र तालमीत नव्हतं. नातवाने जरा विचार करून बदकाकडे बोट दाखवलं.

"ते बदक माझंय," कोपऱ्यातून काकूंच्या सख्ख्या पाचांपैकी एक उठला. वय वर्षं चार, नाक वाहतं, पण हक्काच्या बाबतीत पक्का.

नातू छत्रीकडे वळला, तर छत्रीवालीने भोकाड पसरलं. रडणंही साथीचंच असतं. दोन मिनिटांत अख्खी खोली रडायला लागली आणि काका "त्याचं कासव आहे, कासव" असं ज्याला त्याला समजावत फिरू लागले. औषधवाल्याच्या मुलीने तेवढं सराईतपणे जुळ्यांना दोन काखांत घेतलं. शेवटी काकू सतरंजीवर मांडी घालून बसल्या, जवळच्या दोघांना कुशीत घेतलं, बाकीच्यांच्या पाठीवरून आळीपाळीने हात फिरवत गुणगुणत राहिल्या, आणि हळूहळू सगळी पोरं कलंडली. बाई लिहायचं थांबवून बघत होत्या.

मग त्यांनी हलक्या आवाजात फॉर्म वाचून दाखवला. परिणाम, काही नाही. "चांगलंय तुमचं," त्या म्हणाल्या. "ज्यांची पोरं निम्म्याहून कमी झालीत त्यांच्या जागेचं भाडं वर्षभर कचेरी भरणार आहे. पाळणाघरं टिकली पाहिजेत ना. तुम्हाला काही गरज नाही."

काकांना ठसका लागला. खोटं बोलून घालवलेली मदत आता खरं बोलून परत मागायची, याची काकूंना जास्तच लाज वाटली.

बाई निघाल्या आणि दारात घुटमळल्या. "माझी मुलगी तीन वर्षांची आहे. महिनाभर पाळणाघरंच बघतेय, पण कुठं सोडायला जीव धजत नाही. इथं सोडली असती. पण तुमच्या चौदा जागा भरल्यात."

आता मात्र काकूंना राहवलं नाही. "जागा आहे हो. नऊ आहेत. पाचच पोरं माझी, बाकीची उसनी आणलीत. काय लिहायचं ते लिहा, पण जागा असताना पोरीला नाही म्हणणं मला जमायचं नाही."

बाई परत त्या छोट्या खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी पिशवीतून खोडरबर काढलं. फॉर्म पेन्सिलीने भरलेला होता. "आल्याआल्याच कळलं मला. खुंट्या चौदा, पिशव्या पाच. शिवाय ह्या ताई," त्यांनी औषधवाल्याच्या मुलीकडे पाहिलं, "सोमवारी मला चौकातल्या पाळणाघरात भेटल्या. काल बागेमागच्यात."

"तिथं नीट झोपवत नाहीत," ती मुलगी जांभई देत म्हणाली. "इथलं बरंय."

बाईंनी हसत चौदाचा आकडा खोडला आणि पाच लिहायला पेन्सिल टेकवली.

"पाच नका लिहू," काकू म्हणाल्या. "सहा लिहा."

काकांनी घाईघाईने मनातल्या मनात भागाकार केला. सहाही निम्म्याच्या आतच होते.

"उद्यापासून आणा तिला," काकू फडक्याने रिकाम्या खुंट्यांवरची चित्रं पुसत म्हणाल्या. "फक्त बदक सोडून दुसरं कुठलं चित्र चालेल, ते तिला विचारून ठेवा."