लिंबाजीचा सध्याचा पत्ता

लिंबाजी आचारी घर बदलायला निघाला की आमच्या गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहायची. हातगाड्यावर पालथी घातलेली भली मोठी कढई, कढईखाली गादी, गादीच्या वळकटीत खोचलेले झारे. गाडा ढकलायला दुसरा कुणीतरी. लिंबाजी सगळ्यात पुढे, दोन्ही हातांत लोणच्याची बरणी धरून, तान्हं मूल न्यावं तशी. ही मिरवणूक फार लांब जायची नाही. परळीत त्याने जेवढी घरं बदलली ती सगळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एकदा तर तो एका घरातून भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात गेला, आणि तरी गाडा आणलाच.

कारण विचारलं की म्हणायचा, "हिशोब बसंना, मॅडम."

हा हिशोब कशाचा, ते कळायला वेळ लागायचा. एका घरात थर्मल वीजकेंद्राची राख लोणच्यावर येते म्हणून बसला नाही. राख अख्ख्या परळीत येते, पण त्या खिडकीतून जरा जास्त येत होती म्हणे. दुसऱ्या घरी शेजारणीच्या कुकरची शिट्टी बेसूर होती. तिसरा घरमालक फार चांगला निघाला. "रोज इचारतो, जेवला का. आचाऱ्याला कुनी इचारतं का बे असं?" म्हणाला. 'बे' तोंडातून गेल्याचं लक्षात आल्यावर जीभ चावली आणि दोन दिवस माझ्या दारावरून मान खाली घालून गेला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. घरात एकटी, टेबलावर लेकीने घेऊन दिलेला कॉम्प्युटर. लिंबाजीची आणि माझी ओळख त्या कॉम्प्युटरमुळे झाली. त्याची बायको सुनंदा कॅनडात नर्स आहे. तिला तिथं कायमचं राहायची परवानगी मिळाली आणि तिने नवऱ्याला बोलावून घ्यायचा अर्ज केला. अर्जात लिंबाजीचा पत्ता होता. तो पत्ता बदलला की तिकडच्या सरकारला कळवावं लागतं, आणि लिंबाजीचा पत्ता तर सारखाच बदलत होता.

पहिल्यांदा आला तेव्हा पायरीवर चपला काढून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी साइट उघडली, पत्त्याचा रकाना काढला आणि सांगा म्हणाले.

"लिहा. स्टेशनकडून आलं की पिठाची गिरणी लागती. ती बंद असती, पन गिरणीवाला बाहेर बसलेला असतो. त्याला माझं नाव सांगायचं. तो उठून संगं येतो."

मी म्हणाले, लिंबाजी, इथं घर नंबर आणि गल्ली लिहायची असते. तो म्हणाला, नंबर सरकारला ठाऊक, गिरणीवाल्याला नाही, आणि पत्र घेऊन येणारा माणूस विचारणार गिरणीवाल्यालाच. शेवटी मी घर नंबर, गल्ली, परळी वैजनाथ, जिल्हा बीड असं टाकलं. एवढ्यावर कुणी सापडेल हे त्याला पटलं नाही. दुसऱ्या वेळी आला तेव्हा पिन कोड तोच आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग बदलायचं कावून? गावच सोडलं न्हाई की आपन."

माणूस शिरूर कासारकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आचारी म्हणून पंचक्रोशीत नाव. कढईजवळ असताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही. मीठ चाखून बघत नाही, वासावर सांगतो. नवऱ्या मुलाकडच्यांनी पनीरचा हट्ट धरला की फुगून बसतो आणि मग ते पनीर इतकं चांगलं करतो की मागणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. लग्न झालं तेव्हा सुनंदा बारावी नापास होती. याने तिला पुन्हा बसवलं, मग नर्सिंगला घातलं. भावकीतली माणसं हसली. हा डबा घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहायचा. मूलबाळ झालं नाही. शिकली, नोकरी लागली, आखातात गेली, तिथून कॅनडात. हे सगळं मला त्याने नाही, सुनंदानेच फोनवर सांगितलं. तो तिच्याविषयी एवढंच म्हणायचा, "ती लई हुशार हाय."

तिकडच्या कामाला इकडच्या पोलिसांचा दाखला लागत होता. पोलीस घरी येऊन बघून जातात, माणूस दिलेल्या पत्त्यावर राहतो का. हवालदार आले त्याच्या आदल्या दिवशी लिंबाजीने घर बदललं होतं. घरमालकाने नव्या घराकडे बोट केलं, तर नव्या घराला कुलूप, कारण लिंबाजी आष्टीकडे लग्नाच्या कामाला गेलेला. हवालदार भला माणूस. माझ्याकडे येऊन पाणी प्यायले, घाम पुसला आणि म्हणाले, मॅडम, हा माणूस आहे, एवढं मला पटलंय, पण राहतो कुठं ते लिहायचं कसं. दाखला अडकला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मी फोनवर सुनंदाला सांगितलं तेव्हा तिने फक्त नवा पत्ता विचारून घेतला.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. फाइल हलली की लिंबाजी हलायचा. डॉक्टरच्या तपासणीचं पत्र आलं, घर बदललं. फोटो मागवले, घर बदललं. मधे काही महिने तिकडून काहीच आलं नाही, तेव्हा मात्र बेसूर कुकरच्या शेजारी सुखाने राहिला. एकदा त्या जेवणाची चौकशी करणाऱ्या घरमालकाची गाठ पडली. तो म्हणाला, मी तर जाऊ नका म्हणून हात जोडले होते.

लिंबाजी माझ्या ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी लसूण सोलत होता. मी सरळ विचारलं, तुम्हाला जायचंच नाही का. त्याने हातातली पाकळी सोलून पातेल्यात टाकली, दुसरी घेतली.

"जायचं हाय," म्हणाला. मग खाली बघूनच बोलायला लागला. "हितं मला समदे वळखत्यात. तिथं मी फकस्त तिचा नवरा. तिला मैतरणी इचारतील, नवरा काय करतो. ती सांगंल काहीतरी. पन लाजली तर मला कळंल, मॅडम. ती दाखवणार न्हाई, पन मला कळंल. दूर हाय तवर ती माझीच हाय."

मीही लसूण सोलायला घेतला. हे सुनंदाला सांगावं की नाही, याचा विचार मी आठवडाभर केला आणि सांगितलं नाही. नवरा-बायकोत मी कोण.

उन्हाळ्यात एका सकाळी दाराशी रिक्षा थांबली. मोठी बॅग ओढत एक बाई आली, पायात बूट, केस बारीक कापलेले, चेहरा प्रवासाने सुकलेला. फोनवर आवाज रोजचा ओळखीचा होता, म्हणून बोलल्यावर ओळखलं.

"मॅडम, अर्जात जो पत्ता हाय तिथं गेलते. कुलूप हाय," सुनंदा म्हणाली. "माझा नवरा सध्या कुठं राहतो?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता ती खुर्चीत बसली ती डोळ्यांना पदर शोधायला लागली. पदर नव्हता. मी टॉवेल दिला. येणार असल्याचं तिने कुणालाच कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ते पुन्हा घर बदलून बसले असते, म्हणाली.

लिंबाजी जवळच्याच एका गावात लग्नाच्या कामावर होता. चहा घेऊन आम्ही दोघी रिक्षाने तिकडे गेलो. मांडवामागे चुली पेटलेल्या, आणि लिंबाजी आमच्याकडे पाठ करून बुंदी पाडत होता. सुनंदाने त्याला हाक मारली नाही. कांदा चिरत बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसली, एक विळी ओढून घेतली आणि चिरायला लागली. बायका तिच्या बुटांकडे बघत राहिल्या. नवरीची आत्या लगबगीने आली, तिनेही बूट पाहिले आणि विचारलं, पाव्हणी कोण, कुणाकडची.

"आचाऱ्याची बायको," सुनंदा म्हणाली.

"ती तर फॉरेनला हाय म्हनं."

"तीच मी. कांदा उभा चिरायचा का बारीक?"

लिंबाजी वळला. झारा कढईवर तसाच धरलेला. तेलातली बुंदी तांबूस झाली, मग काळी झाली, धूर यायला लागला, तेव्हा मदतनिसाने त्याच्या हातून झारा काढून घेतला. त्याच्या हातून घाणा जळालेला त्या दिवसापर्यंत कुणी पाहिला नव्हता. मग त्याने जळकी बुंदी बाजूला काढली, तेल बदललं आणि पुन्हा कामाला लागला. कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

पंगती उठल्यावर आम्ही तिघं मागच्या लिंबाखाली जेवायला बसलो. सुनंदाच्या ताटात त्याने भाजी दोनदा वाढली. तिने जेवता जेवताच सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात ती कपडे बदलायच्या खोलीत उभ्याने डबा खायची, कारण बाकीच्यांशी बोलायचं काय, ते सुचायचं नाही. मग एकीने डब्यात कशाचा वास येतोय ते विचारलं. तेव्हापासून ती नवऱ्याविषयी बोलायला लागली.

"तुमी मेथी कशी करता ते समद्यांना म्हाईत हाय," ती त्याला म्हणाली. "तुमचं नाव त्यांना म्हनता येत न्हाई, ते सोडा. आन तुमी घर का बदलता ते मला कळतं. दर बारीला मी गप राहिले. आता तोंडानं सांगा. यायचं हाय का न्हाई?"

लिंबाजीने घास खाली ठेवला.

"यायचं हाय."

"मग घर बदलू नका."

"न्हाई बदलत."

सुट्टी संपून ती परत जायच्या आधी आम्ही पत्ता पुन्हा कळवला. या वेळी माझाच, कारण माझ्या मागच्या खोलीत लिंबाजी राहायला आला. गाडा आला, कढई आली, बरणी आली. माझ्याकडे त्याचा हिशोब बसला असं नाही. माझ्या घड्याळाचा आवाज त्याला झोपू देत नव्हता, माझ्या चहाला वास नव्हता, आणि मी भेंडी धुऊन चिरते की चिरून धुते यावर त्याने माझ्या लेकीला फोनवर तक्रार केली. पण हलला नाही. पोलीस आले, तो घरात सापडला. तपासणी झाली. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर पासपोर्ट व्हिसाचा शिक्का होऊन आला. तो त्याने स्वतः उघडला नाही, मला उघडायला लावला आणि आतला स्वतःचा फोटो बघून म्हणाला, चेहरा लईच घाबरल्यासारखा आलाय.

गेला त्या दिवशी गल्ली पुन्हा दारात आली. गाडा नव्हता, एक बॅग होती. बरणी नेता येणार नव्हती, ती माझ्या फडताळात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईच्या विमानतळावरून त्याचा फोन आला. विमानाला वेळ होता. जेवलात का, असं त्यानेच मला विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, तिथं उतरल्यावर काचेच्या मागे साहेब असतो, तो विचारतो. काय करता म्हणून विचारलं तर काय सांगू? मी म्हणाले, कुक सांगा.

"ते म्हाईत हाय," तो म्हणाला. "सुनंदा म्हनली, साहेब आधी इचारल, कुनाकडं चाललाव, तिचे तुमी कोन. नवऱ्याला इंग्रजीत काय म्हंत्यात?"

मी सांगितलं. त्याने तो शब्द हळू आवाजात म्हणून पाहिला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मागे कुठल्या तरी विमानाची सूचना चालली होती. ती संपेपर्यंत थांबून त्याने विचारलं, "बराबर म्हनलो का?"